भाड्याच्या कचेरीतले स्कॉटलंड यार्ड

रहस्यकथांवर वाढलेल्या आमच्या पिढीच्या मनात ‘स्कॉटलंड यार्ड’ म्हणजे एक गूढ, दगडी वास्तू होती. प्रत्यक्षात १९६७ ते २०१६ या काळात लंडनच्या पोलिसांचे मुख्यालय ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावरच्या एका २० मजली कचेरीत होते. ती पोलिसांसाठी बांधलेलीच नव्हती. कोणीतरी भाडेकरू मिळेल या भरवशावर विकसकाने ती उभारली होती. तिथे एखादी विमा कंपनी आली असती तरी चालले असते.

त्याआधीचे मुख्यालय थेम्सकाठचे. नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाने ते अर्धवट राहिलेल्या एका ऑपेरागृहाच्या जागी बांधले आणि १८९० मध्ये पोलीस तिथे गेले. त्याच्या खालच्या भागातला ग्रॅनाइट डार्टमूरच्या कैद्यांनी खाणीतून काढलेला. दंडसत्ता भिंतीतच चिणलेली!

या वास्तूशेजारी ब्रॉडवेची कचेरी ठेवली की जाणकार ‘हिला चेहराच नाही’ म्हणून नाक मुरडतात. हा आक्षेप मला मान्य नाही. जिथे नागरिकांना जाब विचारता यावा, ती जागा किल्ल्यासारखी का दिसावी? दारासमोरच्या फिरत्या त्रिकोणी फलकाने तिला पुरेशी ओळख दिली होती.

माझा आक्षेप वेगळा आहे. पोलिसांनी ही इमारत पुढे विकत घेतली आणि २०१४ मध्ये ३७ कोटी पौंडांना विकलीही. आज ती जमीनदोस्त आहे. त्या जागी आलिशान सदनिका आहेत. फलक तेवढा थेम्सकाठच्या नव्या मुख्यालयापुढे गेला. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खुनाच्या तपासावरून १९९९ मध्ये मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलावर संस्थात्मक वंशभेदाचा ठपका ठेवला, तेव्हा दलाचा कारभार याच कचेरीतून चालत होता. शॉची वास्तू मात्र वारसा म्हणून संरक्षित आहे आणि खासदारांच्या कार्यालयांसाठी वापरली जाते. म्हणजे सत्तेचा दिमाख जपला गेला आणि तिच्यावर ठपका आला तेव्हाचा पत्ता पुसला गेला.

मुंबई पोलिसांची स्कॉटलंड यार्डशी तुलना करण्याची आपल्याला हौस. क्रॉफर्ड मार्केटसमोरचे दगडी आयुक्तालय आपण कौतुकाने पाहतो, ते योग्यच. पण वारसावास्तूंची यादी करताना कमानींबरोबर आणखी एक गोष्ट पाहायला हवी : या दाराशी कोण, काय मागायला उभे राहिले होते? साध्या कचेऱ्यांचे मोल तिथेच कळेल.