पाचवे शील आणि ‘सजग मद्यपान’ : एक चिकित्सा

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो तेव्हा पाचव्या शीलात ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’ हा दीर्घ समास उच्चारतो. या समासाच्या आधारे अलीकडे काही सुशिक्षित उपासक असे प्रतिपादन करू लागले आहेत की, येथे निषेध मद्याचा नसून मद्यजन्य प्रमादाचा आहे. म्हणून प्रमाद होणार नाही इतके, सजग राहून घेतलेले मद्य शीलभंग करीत नाही. या मताची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या मताचे आधुनिक काळातील सर्वांत प्रसिद्ध समर्थन तिबेटी आचार्य चोग्याम त्रुंग्पा यांच्या मद्यविषयक निबंधात आढळते. ‘द हार्ट ऑफ द बुद्ध’ या १९९१ साली प्रकाशित झालेल्या संग्रहात तो समाविष्ट आहे. मद्य विष ठरते की औषध, हे पिणाऱ्याच्या सजगतेवर अवलंबून असते, हा त्याचा गाभा. त्रुंग्पा वज्रयान परंपरेतून बोलतात, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तांत्रिक विधीतील ‘अमृता’ची कल्पना त्यांच्यामागे आहे. पालि विनयाचा आधार ते घेत नाहीत. आपल्याकडील उपासक मात्र त्यांचा निष्कर्ष घेतात आणि त्याला पालि समासाचा आधार जोडतात. ही जोडणी टिकते काय, हा खरा प्रश्न आहे.

समासाचा विग्रह एकापेक्षा अधिक प्रकारे होऊ शकतो, हे खरे. परंतु ‘ठान’ म्हणजे येथे कारण, अधिष्ठान. ज्या चेतनेने मनुष्य मद्य पितो, ती चेतनाच प्रमादाचे कारण असल्यामुळे ‘पमादट्ठान’ होय, असे अट्ठकथेचे स्पष्टीकरण आहे. म्हणजे शील पेला ओठाला लावण्याच्या निर्णयापाशी उभे आहे, झिंग चढल्यानंतरच्या अवस्थेपाशी नव्हे. सुत्तनिपातातील धम्मिक सुत्त तर गृहस्थालाच उद्देशून आहे. त्याने स्वतः पिऊ नये, इतरांस पाजू नये आणि पिणाऱ्यास अनुमोदन देऊ नये, असे ते सांगते. तेथे प्रमाणाचा उल्लेख नाही.

सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दोष सांगितले आहेत: धनहानी, कलहवृद्धी, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि प्रज्ञेचे दौर्बल्य. तेथे ‘अनुयोग’ हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ आसक्ती किंवा व्यसन असा होतो, हा प्रतिपक्षाचा मुद्दा भाषिकदृष्ट्या योग्य आहे. मात्र व्यसनाचे दोष सांगितल्याने अल्पपानाची अनुज्ञा सिद्ध होत नाही.

विनयातील प्रमाणे अधिक बोलकी आहेत. सागत स्थविर सामान्य भिक्खू नव्हते. तेजोधातूच्या बळावर त्यांनी नागाचे दमन केले होते. कोसंबीच्या उपासकांनी कौतुकाने घरोघरी त्यांना मद्य दिले आणि नगराबाहेर पडताना ते वेशीपाशी कोसळले. विहारात आणल्यावर तथागतांकडे पाय करून ते निजले. नागाशी झुंजलेला हा सागत आता तशी झुंज देऊ शकेल काय, असे तथागतांनी भिक्खूंना विचारले. याच प्रसंगी सुरापानाचा पाचित्तिय नियम झाला आणि कुशाग्रावर राहील एवढ्या मद्यानेही आपत्ती होते, असे विभंगाने स्पष्ट केले. औषधी तेलात मद्य घालण्यास मुभा मिळाली, पण त्याचा रंग, गंध व चव जाणवू नये या अटीवर. पुढे वैशालीच्या संगीतीत पूर्ण न मुरलेले ‘जळोगि’ पिण्याची सवलतही नाकारण्यात आली. हे नियम भिक्खूंचे आहेत, हे मान्य. पण ध्यानबळ मद्यावर मात करते, या समजुतीचे उत्तर सागताच्या कथेत आहे. त्रुंग्पा यांचे पन्नाशीपूर्वीच, १९८७ साली, हॅलिफॅक्स येथे निधन झाले. त्यांचे अतिमद्यपान त्यांच्या शिष्यांनीही लपविलेले नाही. येथे व्यक्तिनिंदा अभिप्रेत नाही. परंतु जी स्मृती मद्याचे माप ठरविणार, तिच्यावरच मद्याचा पहिला परिणाम होतो, हे दोन्ही ठिकाणी दिसते.

काही जण मध्यम मार्गाचा दाखला देतात. मध्यम मार्ग कामसुखाची आसक्ती आणि आत्मक्लेश या दोन अंतांमधला आहे. शीलपालन व शीलभंग यांच्यामधला नाही. मर्यादित चोरीला कोणी मध्यम मार्ग म्हणत नाही.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदीला विरोध होता, याचेही स्मरण करून दिले जाते. तो प्रश्न सरकारी महसुलाचा व धोरणाचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी दारू न पिण्याची आहे. तीत समास नाही, विग्रहाला जागा नाही. ज्या वस्त्यांत मजुरीचे पैसे घरी पोहोचण्याआधीच गुत्त्यावर संपत होते, त्या वस्त्यांतील माणसांना ती दिली गेली. तेथील स्त्रियांना ‘सजग’ आणि ‘बेसावध’ पिणाऱ्यांतला फरक शिकविण्याची गरज नव्हती. आज पदवी व पगार मिळालेल्या उपासकाने प्रतिज्ञेत पळवाट शोधली, तर तिचा पहिला लाभ गुत्तेवाल्यालाच होईल.

शेवटी सरकानि शाक्याचा विचार केला पाहिजे. तो मद्य पीत असे, तरी तथागतांनी त्याला सोतापन्न म्हटले. त्यामुळे अन्य शाक्य संतापले. संयुत्तनिकायातील ही कथा प्रतिपक्ष आवर्जून सांगतो, पण मृत्यूसमयी त्याने शिक्षेचा स्वीकार केला होता, हे तथागतांनी दिलेले कारण सांगत नाही. या कथेतून मद्याला परवानगी मिळत नाही. घसरलेल्या माणसासाठी धम्माचे दार बंद होत नाही, एवढे मात्र निश्चित कळते. आपल्या विहारांनीही पिणाऱ्या उपासकाला हिणवू नये. शील मोडले असेल तर ते पुन्हा ग्रहण करता येते, आणि त्यासाठी शीलाचा अर्थ बदलण्याचे कारण नाही.