बुसानचा मास्तर

कोरियातल्या बुसान बंदरात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या परदेशी मास्तरांसाठीच्या मार्गदर्शिका मी कोल्हापुरात बसून वाचतो. (काही माणसं पंचांग वाचतात.) पण भीती घालावी ती कसली? किमची तिखट, जुलैचा पाऊस चिवट, जागाल्चीच्या बाजारात मासळीचा वास! तांबडा रस्सा पिऊन पंचगंगेचा पूर बघणाऱ्यांना हे काय सांगता? ‘हागवॉन’वर (उच्चार जपून करावा) पानंच्या पानं. म्हणजे शाळा सुटल्यावर रात्रीपर्यंत चालणारी खासगी शिकवणी. आमच्या गल्लीत तीन आहेत.

मुद्द्याची गोष्ट मात्र एका ओळीत उरकलेली. या शिकवण्यांत इंग्रजी शिकवायचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्याच नागरिकांना. १ जानेवारी २०१० पासूनच्या भारत-कोरिया करारानं आपल्या पात्र शिक्षकांना वाट मिळाली, ती शाळेत सहायक म्हणून. तीस वर्षं ‘टेन्स’ घोटवून घेतलेला कोल्हापूरचा मास्तर शिकवणीला चालत नाही, परवा पदवी घेतलेलं टोरांटोचं पोरगं चालतं. उच्चारासाठी म्हणे! मग उच्चार ऐका की, पासपोर्ट काय बघता?

मास्तरला खोली बहुधा शिकवणीचा मालकच देतो, असंही लिहिलंय. ते पान मी गल्लीतल्या एका मालकांना दाखवलं. त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं.