पत्त्यांतील राजे आणि त्यांचे पोषाख

फ्रान्समध्ये पत्त्यांतील राजांना इतिहासपुराणांतील नावे देण्याचा शिरस्ता फार जुना असून, इस्पिकचा दाविद, बदामचा शार्लमेन, चौकटचा सीझर आणि किलवरचा अलेक्झांडर ही चौकडी तेथील कॅटांवर आजही नांदते. परंतु दाविदाच्या हातची वीणा वगळली, तर या नरपतींना एकमेकांपासून निराळे करणारी ऐतिहासिक खूण शोधूनही सापडत नाही, आणि रोमचा सीझर मध्ययुगीन फ्रेंच दरबारी वेषात निःशंकपणे मिरवतो.

ही विसंगती ज्यांना खटकली त्यांनी ती दूर करण्याचे यत्न केले नाहीत असे नाही. राज्यक्रांतीच्या काळात राजाराण्यांची पत्त्यांतूनही उचलबांगडी होऊन त्यांच्या जागी स्वातंत्र्य, समता इत्यादींच्या मूर्ती बसविण्यात आल्या. पुढे नेपोलियनच्या अंमलात साक्षात जाक-लुई दावीदसारख्या चित्रकाराने प्राचीन वेषभूषेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून नवे पत्ते रेखिले. खेळणाऱ्यांनी मात्र दोन्ही नाकारले आणि पुन्हा जुना साचाच जवळ केला. याचा दोष लोकांच्या अरसिकतेला देणे मला अन्यायाचे वाटते, कारण हातात पंख्यासारखा पसरलेला पत्ता क्षणार्धात ओळखू आला पाहिजे, ही या कलेची पहिली अट आहे, आणि पांडित्याला तेवढी घाई नसते.

ही अट पाळूनही इतिहास कसा साधावा, याचा वस्तुपाठ रशियाने घालून दिला. 1903 साली सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात जो वेषांतराचा नृत्यसमारंभ झाला, त्यात दुसरा निकोलस सतराव्या शतकातील झार अलेक्सेई मिखाइलोविच याच्या पोषाखात वावरला, आणि त्या समारंभातील वेषांच्या आधारे 1911 साली ‘रशियन शैली’ नावाचा कॅट निघाला. या चित्रांत चेहऱ्यांना गौणत्व देऊन जरीचे अंगरखे, केसाळ कातड्याच्या टोप्या आणि राण्यांची मोत्यांनी मढविलेली शिरोभूषणे यांवर सारा भर दिला आहे. त्यामुळे बदामचा राजा म्हणजे झारचाच पोषाख ल्यालेला पुरुष, ही गोष्ट ठाऊक नसलेल्यालाही राजा राजाच दिसतो. झारशाही लयास गेल्यावरही सोव्हिएत कारखान्याने हाच कॅट छापावा, याहून मोठी पावती कोणती?

आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू, म्हणजे मूर्तीची ओळख चिन्हावरच सोपविलेली. अलीकडे पर्यटकांसाठी निघणाऱ्या, ऐतिहासिक पुरुषांची तैलचित्रे जशीच्या तशी लहान करून छापलेल्या कॅटांत मात्र यांपैकी कसलाच विचार दिसत नाही: चित्र पत्ताभर पसरते, इस्पिक-बदाम कोपऱ्यात अंग चोरून उभे राहतात, आणि असला कॅट बहुधा वेष्टनातून बाहेरच निघत नाही.