दुवा दिसला तर निवड

खुलताबाद तालुक्यातल्या वेरूळच्या कैलास लेण्यातला रामायणाचा शिल्पपट बघा. एकाखाली एक आडव्या ओळी. गोष्ट आधीच ठाऊक असते, त्यामुळे नजर मध्येच कुठे शिरली तरी वाट सापडते.

मायकेल जॉइसच्या ‘आफ्टरनून, अ स्टोरी’ (१९८७) या हायपरटेक्स्ट कथेत नेमकं उलटं आहे. गोष्ट अनोळखी, आणि दुव्याचे शब्दही वेगळे दाखवलेले नाहीत. सकाळी दिसलेल्या अपघातात आपलाच मुलगा गेला का, हे निवेदकाला कळत नाही. तीच घालमेल वाचकालाही होते. इथवर रचना पटते. पण कुठल्या शब्दावर क्लिक करायचं हेच दिसत नसेल, तर ती निवड कसली? तो निव्वळ योगायोग झाला.

म्हणून प्रबंधात नुसतं ‘नॅव्हिगेशन गोंधळाचं आहे’ असं लिहून थांबू नका. क्लिक करण्याआधी वाचकाला काय माहीत होतं, ते तपासा.