कोणता ‘प्रिल्यूड’?

विद्यापीठांतल्या इंग्रजी रोमँटिक काळाच्या अभ्यासाविषयी कोणी लिहायला बसले, की बहुधा टीकेतल्या लाटांचा इतिहास लिहिला जातो. तो सांगून टाकायला फार वेळ लागत नाही. १९५३ साली एम. एच. एब्रॅम्स यांचे ‘द मिरर अँड द लॅम्प’ आले आणि कवीची कल्पनाशक्ती हा साऱ्या विषयाचा कणा ठरला. १९८३ मध्ये जेरोम मॅगन यांनी ‘द रोमँटिक आयडिऑलॉजी’त टीकाकारांना सुनावले, की कवींनी स्वतःबद्दल जे सांगितले तेच तुम्ही प्रमाण धरून बसला आहात. मग इतिहासशोधाची लाट. १९८६ मध्ये मार्जोरी लेव्हिन्सन यांनी ‘टिंटर्न ॲबी’त न आलेल्या भिकाऱ्यांवर आणि लोखंडाच्या भट्ट्यांवर बोट ठेवले. १९९१ मध्ये जोनाथन बेट यांनी वर्ड्‌स्वर्थच्या निसर्गाला पर्यावरणाच्या चर्चेत आणून बसवले. प्रत्येक लाट काहीतरी देऊन गेली. पण कवितेत जे नाही त्यावरच पानेच्या पाने लिहिण्याची खोड यातूनच लागली, आणि तिचा आता कंटाळा येतो.

गेल्या पन्नास वर्षांतली टिकाऊ कमाई माझ्या मते संपादकांची आहे. मॅगन यांचेच पाहा: ते ‘आयडिऑलॉजी’ लिहीत होते त्याच काळात बायरनच्या समग्र कवितेचे खंडही सिद्ध करत होते. पुस्तकाचे नाव सगळ्यांच्या तोंडी, खंड मात्र संदर्भविभागात.

वर्ड्‌स्वर्थचा ‘प्रिल्यूड’ घ्या. १७९९ साली तो दोन भागांचा होता, १८०५ मध्ये तेरा सर्गांचा झाला आणि कवीच्या मृत्यूनंतर १८५० मध्ये चौदा सर्गांचा होऊन छापला गेला. १८०५ ची संहिता छापून आली ती थेट १९२६ साली. म्हणजे १९०५ मध्ये गेलेल्या केशवसुतांच्या पिढीला ती वाचणे शक्यच नव्हते. तिच्यासमोर असू शकत होता तो म्हाताऱ्या, स्थिरावलेल्या वर्ड्‌स्वर्थने पुन्हापुन्हा घासलेला मजकूर. फरक किरकोळ नाही. १८५० च्या संहितेत एडमंड बर्कची स्तुती आहे, १८०५ च्या संहितेत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीकडे कवी कसा पाहत होता, या परीक्षेतल्या लाडक्या प्रश्नाचे उत्तर हातात कोणते पुस्तक आहे यावर ठरते! १७९९ च्या पहिल्या भागात तर चोरून वल्हवलेली होडी, तळ्यातून वर आलेले प्रेत, फाशीची जागा, घोड्यांची वाट पाहणे हे सारे जवळजवळ येते आणि बालपणाची भीती एका दमात अंगावर येते. १८०५ मध्ये होडी पहिल्या सर्गात राहते, प्रेत पाचव्यात जाते, उरलेले दोन प्रसंग अकराव्यात. तत्त्वज्ञान वाढले, थरार पातळ झाला.

कॉर्नेल विद्यापीठाने १९७५ ते २००७ या काळात वर्ड्‌स्वर्थचे एकवीस खंड काढले. हस्तलिखितांची छायाचित्रे, खाडाखोड, पाठभेद, सगळे त्यांत आहे. वाचकापुढे ठेवताना मात्र आरंभीच्या रूपाला मान दिला गेला. जॅक स्टिलिंजर यांनी १९८९ मध्ये यावर आक्षेप घेतला, की अशाने कवीने आयुष्यभर केलेली दुरुस्ती अडगळीत जाते. आक्षेप रास्त आहे, तरी तरुण कवीची बाजू घ्यायचा मोह मलाही आवरत नाही. पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची असंख्य हस्तलिखिते पडताळून जुन्यात जुना पाठ निश्चित करण्याचा प्रयत्न केला. वर्ड्‌स्वर्थच्या बाबतीत सगळे एकाच कवीचे असूनही एक पाठ निश्चित करता येत नाही.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चेही तेच. १८१८ च्या आवृत्तीत एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण; १८३१ मध्ये ती घरी आणलेली अनाथ मुलगी होते आणि नशिबाची भाषा वाढते. चार्ल्स रॉबिन्सन यांनी २००८ मध्ये मसुद्यातले मेरीचे आणि पर्सी शेलीचे हात वेगळे करून दाखवले, तेव्हा नवऱ्यानेच लिहून दिले या कुजबुजीला उत्तर मिळाले.

अभ्यासक्रमात स्त्रिया आल्या, याचे श्रेय सिद्धान्ताला देण्याची पद्धत आहे. पण शार्लट स्मिथची सुनीते १७८४ पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपली होती, वर्ड्‌स्वर्थने तिचे ऋण मानले होते, आणि तरी ती वर्गात शिरली ती स्टुअर्ट करन यांनी १९९३ मध्ये तिच्या कविता नीट छापून दिल्यावर. पुस्तकच नसेल तर शिकवायचे काय?

आपल्याकडे अजून बहुधा ब्लेकपासून कीट्सपर्यंतचे सहाजणच प्रश्नपत्रिकेत असतात आणि उत्तरे गाइडात. त्याची तक्रार जुनी आहे. नवी अडचण मोबाइलची. फुकट मिळणारा मजकूर बहुतेकदा प्रताधिकार संपलेल्या आवृत्तीचा असतो, त्यामुळे संपादकांनी पन्नास वर्षांत बाजूला सारलेले पाठच विद्यार्थ्यापर्यंत आधी पोचतात. ब्लेक एवढा नशीबवान. १९९६ पासून त्याची रंगवलेली पाने इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात, एकाच कवितेच्या वेगवेगळ्या प्रतींतले बदललेले रंग शेजारीशेजारी ठेवता येतात. जॉन क्लेअरच्या वाट्याला मात्र त्याच्या हस्तलिखितांवरच्या प्रताधिकाराचा वाद आला. विरामचिन्हांशिवाय लिहिणाऱ्या या शेतमजुराची कविता तशीच छापावी, की त्याचा प्रकाशक टेलर याने घातलेले स्वल्पविराम ठेवावेत, यावर संपादकांचे अजून एकमत नाही.