फेकलेला ट्रान्झिस्टर

रात्री जेवताना मोबाइलवर जुने कम्प्युटर दुरुस्त करण्याचे व्हिडिओ लावत असाल, तर त्यांचा साचा तुम्हाला पाठ असेल. पहिल्याच मिनिटाला पिवळट, धुळीने माखलेला कमोडोर ६४. मग स्क्रू, ब्रश, साबणाचं पाणी. मग प्लास्टिकला हायड्रोजन पेरॉक्साइड फासून ते उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवायचं. याला 'रेट्रोब्राइट' म्हणतात. शेवटी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी, निळा स्क्रीन, संगीत. असे किती व्हिडिओ मी पाहिलेत ते सांगायला लाज वाटते. दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधणाऱ्या माणसाला वीस मिनिटांत एखादी गोष्ट खरोखर नीट झालेली बघायला मिळणं ही चैन आहे.

तरी माझी या प्रकाराबद्दल तक्रार आहे, आणि ती करायचा अधिकार मी एक चूक करून कमावलाय.

सांगलीला मामांच्या माळ्यावर एक स्पेक्ट्रम प्लस होता. ब्रिटनच्या सिंक्लेर कंपनीने १९८२ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम आणला, पुढे त्याला जरा बऱ्या की लावून 'प्लस' केला, आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो परवाना घेऊन भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकायला सुरुवात केली. मामा तेव्हा पुण्यात पॉलिटेक्निकला होते. गेल्या दिवाळीत मी तो माळ्यावरून काढून घरी आणला.

चालू केल्यावर स्क्रीनवर नुसते पट्टे. हे वाईट लक्षण नाही, उलट बोलकं आहे. स्पेक्ट्रममध्ये स्क्रीनवरचं चित्र खालच्या १६ केबी मेमरीत राहतं, त्यामुळे ती मेमरी बिघडली की बिघाड थेट डोळ्यांना दिसतो. या मेमरीच्या आठ ४११६ चिप फार लाडावलेल्या आहेत. त्यांना एक व्होल्टेज पुरत नाही. बारा, पाच आणि उणे पाच असे तीन लागतात. बारा आणि उणे पाच बोर्डवरच तयार होतात, आणि त्या कामात टीआर फोर नावाचा एक ट्रान्झिस्टर मधोमध बसलेला असतो. तो गेला की उणे पाच जातं, आणि उणे पाचशिवाय बारा मिळत राहिलं की चिप मरतात. मल्टीमीटर लावला तर उणे पाच गायब. टीआर फोर शॉर्ट. चिपही एक मेलेली.

जागेवरचा टीआर फोर सर्किटच्या नकाशात सांगितलेला नव्हताच. भलताच कुठलातरी ट्रान्झिस्टर, पाय लांब ठेवून वाकवलेले, वर गोळाभर डाग. मी मनात म्हटलं, कुणा गल्लीतल्या मेकॅनिकची करामत. तो उपटला, मूळ नंबरचा झेडटीएक्स ६५० मागवून बसवला, चिपखाली सॉकेट घातलं, पॅड अल्कोहोलने लख्ख पुसले. स्क्रीनवर सिंक्लेरची १९८२ ची ओळ आली. मी व्हिडिओ काढून मामांना पाठवला.

त्यांचा फोन आला. आधी खूष झाले, मग विचारलं, "अरे, तो पॉवरचा ट्रान्झिस्टर अजून तोच आहे का? मी बसवलेला?"

"तुम्ही बसवलेला?"

"हो मग. मूळचा मिळेना. पासोड्या विठोबाजवळ चार दुकानं फिरलो, त्यातल्या एकाने सांगितलं हा लावून बघ. आयुष्यात दिलेला पहिला डाग तो. चालला ना रे बरीच वर्षं?"

तो ट्रान्झिस्टर तोवर कचऱ्याच्या गाडीतून गेला होता. त्यावर कुठला नंबर होता हेही मी लिहून ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून मला हे व्हिडिओ वेगळे दिसायला लागले. मराठीत आपल्याला जुन्या गोष्टी शुद्ध करण्याची दोन मोठी उदाहरणं माहीत आहेत. एक, एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तयार केलेली शुद्ध प्रत. दुसरं, पुण्याच्या भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती; वि. स. सुखटणकरांनी तिला शिस्त लावली आणि १९६६ मध्ये ती पुरी झाली. नाथांचे उपकार केवढे, ते सांगायला नको. पण त्यांनी नेमकं काय गाळलं याची यादी आपल्या हाती नाही. भांडारकरांच्या पानावर मात्र वर स्वीकारलेला श्लोक आणि खाली बारीक टाइपात नाकारलेले पाठभेद, कुठल्या हस्तलिखितात काय आहे यासकट. संपादक चुकला असेल तर त्याला पकडायचं साहित्य त्याने स्वतःच तुमच्या हातात दिलेलं असतं.

पांढरंशुभ्र करणारे व्हिडिओ म्हणजे तळटीपा नसलेली आवृत्ती. त्यात नाथांची साधना नाही, फक्त 'शुद्ध' असल्याचा दावा आहे. आणि कशाच्या तुलनेत शुद्ध? सुरुवातीच्या काही स्पेक्ट्रममध्ये मुख्य चिपच्या डिझाइनमधली चूक निस्तरायला कारखान्यातच एक चिप उलटी, पाय वर करून चिकटवलेली आहे. हौशी लोक तिला 'मेलेलं झुरळ' म्हणतात. वरच्या ३२ केबीसाठी सिंक्लेरने अर्धवट सदोष, म्हणून स्वस्त, ६४ केबिटच्या चिप घेतल्या आणि त्यांचा चांगला अर्धा भाग तेवढा वापरला. म्हणजे मशीन जन्मालाच जुगाड घेऊन आलेलं. मामांचा वाकड्या पायांचा ट्रान्झिस्टर त्याच परंपरेतला होता. त्याला अशुद्ध ठरवणारा मी कोण?

काहीच बदलू नका, असं मी म्हणत नाही. सोवळ्यातली ही भूमिका हार्डवेअरमध्ये टिकत नाही. अमिगा ५०० प्लसच्या बोर्डवरची बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेघा खात सुटते. ती 'मूळची' म्हणून ठेवली तर मूळचं काहीच उरणार नाही. काढायचंच असतं. प्रश्न काढलेल्याची नोंद ठेवायचा आहे.

म्हणून मला 'एड्रियन्स डिजिटल बेसमेंट'सारखं चॅनेल आवडतं. तिथे चित्रं सुंदर नसतात आणि व्हिडिओ लांबलचक असतात (दीडपट वेगाने बघा, चालतं). पण माणूस मोठ्याने विचार करतो, एका चिपवर संशय घेतो, ती बदलतो, काही फरक पडत नाही, आणि हे सगळं तो कापून टाकत नाही. चुकलेले अंदाज हेच त्याचे पाठभेद. इयान लोगन आणि फ्रँक ओ'हारा यांनी १९८३ मध्ये स्पेक्ट्रमच्या रॉमचं ओळीओळीने उलगडा करणारं पुस्तक काढलं, त्याला मी बिनदिक्कत भाष्यग्रंथ म्हणेन. दुरुस्तीचे व्हिडिओही तसे होऊ शकतात. बहुतेकांना व्हायचं नसतं, कारण थंबनेलवर पांढरं प्लास्टिक जास्त उठून दिसतं.

मी आता मशीनच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय. काढलेली मेमरी चिप, जागा, तारीख. टीआर फोरसमोर लिहिलंय : 'आधी पर्यायी ट्रान्झिस्टर, नंबर नोंदवला नाही, बसवणारे मामा, पुणे, १९८९'. संक्रांतीला सांगलीला गेलो तेव्हा झाकण उघडून दाखवलं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला, दोनदा वाचला.

"एकोणनव्वद नाही रे," म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी."

मी १९८९ खोडलं नाही. बाजूला १९८८ लिहिलं, आणि कंसात : मामांच्या म्हणण्याप्रमाणे.