तपकिरी रंगातली आशा

आशेचा रंग हिरवा, असे आपण सहसा धरून चालतो. माझ्या वर्गातली मुले चित्र रंगवू लागली की पहिली झिजते ती हिरवी पेन्सिल. कॅनडात स्थायिक झालेल्या फ्रेडरिक बाक या चित्रकाराने 1987 साली 'झाडे लावणारा माणूस' हा तीस मिनिटांचा लघुपट काढला, तोही रंगीत पेन्सिलींनीच, दुधी अ‍ॅसिटेटच्या तावांवर हजारो चित्रे रेखाटून. हिरव्या पेन्सिलीची पाळी मात्र त्यात फार उशिरा येते.

गोष्ट जाँ जिओनो या फ्रेंच लेखकाची, 1953 सालची. प्रोव्हान्सच्या उजाड डोंगराळ मुलखात 1913 साली पायी हिंडणाऱ्या एका तरुणाला एल्झेआर बुफिए नावाचा मेंढपाळ भेटतो. वय पंचावन्न, एकुलता मुलगा गेलेला, मागोमाग बायकोही. रात्री हा माणूस टेबलावर ओकच्या बियांची रास ओततो, एकेक निरखतो, तडकलेली बाजूला सारतो आणि शंभर चांगल्या मोजून झाल्यावरच झोपायला जातो. तीन वर्षांत त्याने एक लाख बिया लावल्या. उगवल्या वीस हजार. त्यांतल्याही निम्म्या उंदीर-खारी आणि दैव नेणार, हे त्याने हिशेबात धरलेलेच आहे.

हा सारा भाग मातकट, करडा, तपकिरी. आणि मला तर चित्रपटाचा जीव इथेच आहे असे वाटते. ज्याला काही उगवेलसे वाटत नाही, तो बिया निवडत कशाला बसेल? पुढे रंग येतात ते पावलांचा आवाज न करता. एका चित्राच्या रेषा वळून त्यांचेच दुसरे चित्र होते, आणि डोंगर केव्हा हिरवा झाला हे आपल्याला सांगता येत नाही. गोष्टीतल्या सरकारलाही ते कळलेले नाही! जंगल आपोआप उगवले अशा समजुतीने वनखात्याचा माणूस बुफिएलाच बजावतो, उघड्यावर जाळ करू नकोस म्हणून.

शेवटची माणसांची गर्दी, तो रंगांचा उत्सव मात्र मला जरा अधिक वाटला. इतका वेळ संयम राखणाऱ्या हाताला तिथे आवरले नाही. 1988 साली चित्रपटाला ऑस्कर मिळाले, तेव्हा पुष्कळांना तो भाग आवडला असावा. असो.

बुफिए कधी झालाच नाही. आपणच तो रचला, हे जिओनोने 1957 साली एका वनाधिकाऱ्याला पत्राने कळवले होते. मग ही आशाही रचलेलीच म्हणायची काय? कादंबऱ्या लिहिणाऱ्याने याचे उत्तर जपून द्यावे. पण खोटी उमेद विकणारा लेखक फसलेल्या लागवडी लपवतो. जिओनोने तसे केलेले नाही. एका वर्षी बुफिएने मेपलची दहा हजारांवर झाडे लावली, ती सगळीच्या सगळी मेली. पुढल्या वर्षी त्याने मेपल सोडून बीचची झाडे लावायला घेतली.